गुरुवारची टर्की

थँक्सगिव्हिंग हा अमेरिकेतला आभाराचा सण, त्यात टर्की हा मोठा पक्षी अख्खा भाजतात. पण तो येतो गुरुवारी. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, दरवर्षी, न चुकता. मराठी माणसाला याहून अडचणीचा वार शोधूनही सापडला नसता. ज्या घरांत बुधवारी, शुक्रवारी, रविवारी कोंबडी आणि सुरमई सुखाने नांदतात, त्याच घरांत गुरुवारी अंडंसुद्धा फुटत नाही. कुणाचे दत्तगुरू असतात, कुणाचे स्वामी, कुणाचे साईबाबा. कुणाचं यातलं काहीच नसतं, पण 'आमच्याकडे पाळतात' एवढं कारण पुरतं. अमेरिकेतल्या आमच्या ओळखीच्या मंडळींनी यावर आपापले तोडगे काढले आहेत. काही घरांत टर्की शुक्रवारी होते. काही जण सरळ मिसळ करतात आणि लागून आलेल्या सुट्टीवर खूश असतात. एका मित्राचा युक्तिवाद मला फार आवडतो: इथे मिनेसोटात दुपारचे साडेबारा वाजले की भारतात शुक्रवार लागतो, तेव्हा एक वाजता टर्की खायला हरकत नसावी. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आपला वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. त्याला म्हणावं, संध्याकाळी साडेसातपर्यंत कळ काढ." हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला होता आणि तो बरोबर होता.

२०२५ साली तर कहरच झाला. थँक्सगिव्हिंग आलं २७ नोव्हेंबरला, आणि तो होता मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सासूबाई ठाण्याहून आलेल्या, त्यांचं महालक्ष्मीचं व्रत लग्नापासूनचं. म्हणजे घरात कलश मांडलेला, पोथी, उपवास, संध्याकाळी आरती आणि गोडाचा नैवेद्य. आणि नेमक्या त्याच वर्षी मी आयुष्यातली पहिली टर्की रांधायची ठरली.

ती ठरली समोरच्या आजींमुळे. आम्ही या गल्लीत राहायला आलो तेव्हापासून थँक्सगिव्हिंगचं जेवण त्यांच्याकडे. आजी निवृत्त शिक्षिका, आजोबा मितभाषी, दोघांचेही पूर्वज नॉर्वेहून आलेले. त्या वर्षी आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. ओव्हनसमोर वाकणं, पंधरावीस पौंडांचं भांडं उचलणं बंद. मुलं-नातवंडं मात्र यायची होती. त्यांनी मला विचारलं ते अगदी आडून, मिनेसोटाच्या रीतीने: "तुला फारच रिकामा वेळ असेल तर..." मी हो म्हटलं. टर्की त्यांच्याच स्वयंपाकघरात करायची हेही लगेच ठरलं, कारण आमच्या घरात देवी बसणार होती आणि त्या दिवशी त्या छपराखाली मांस शिजणार नव्हतं. यावर चर्चासुद्धा झाली नाही.

मला स्वयंपाक येतो. माहेर अलिबागचं, कोंबडी-मासळीत हात बसलेला. पण तो हात कसा चालतो हे मला टर्की करायला घेईपर्यंत नीट उमगलं नव्हतं. आपली कोंबडी तुकड्यांत असते. वाटण परतताना आपण वास घेतो, रस्सा उकळला की पळीने दोन थेंब तळहातावर घेऊन चाटतो. मीठ कमी, थोडं घालू. आमसूल अजून एक टाकू. तिखट झालंय, नारळाचं दूध वाढवू. शेवटच्या उकळीपर्यंत आपण त्या भांड्याशी बोलत असतो. आमच्याकडची 'सुगरण' ही पदवी खरं तर ऐनवेळी सावरून घेणाऱ्या बाईला मिळते.

टर्कीला सावरून घेता येत नाही. चौदा पौंडांचा, म्हणजे साडेसहा किलोच्या आतबाहेरचा, अख्खा बंद पक्षी. एकदा ओव्हनमध्ये गेला की तीन-साडेतीन तास त्याची चव कुणालाही कळत नाही. कापल्यावर कळते, आणि कापतात ते टेबलावर, पाहुण्यांच्या समोर. मिठाचा निर्णय दोन दिवस आधी घ्यायचा. त्याच्याही आधी बर्फ वितळवायचा. फ्रिजमध्ये ठेवून वितळवायचं तर दर चार-पाच पौंडांना एक अख्खा दिवस लागतो. म्हणजे गुरुवारच्या जेवणाला शनिवारपासून सुरुवात. बटरबॉल या टर्की कंपनीने १९८१ पासून सणासुदीच्या दिवसांत गोंधळलेल्या यजमानांसाठी फोनलाइन चालवली आहे, आणि तिथे लोक सर्वांत जास्त विचारतात ते हेच: पक्षी अजून दगड आहे, काय करू? उत्तरही ठरलेलं आहे. गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला, पौंडाला अर्धा तास धरा. चौदा पौंडांना सात तास झाले. पहाटे चारला उठून बादलीपाशी बसायची तयारी हवी.

आमचा पक्षी शनिवारीच आजींच्या गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये गेला. इथल्या बहुतेक घरांत गॅरेजमध्ये जुना फ्रिज असतोच. मंगळवारी रात्री मी मीठ चोळायला गेले आणि सासूबाई सोबतीला आल्या. मंगळवार होता, त्यांना काही अडचण नव्हती. आधी वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचावी लागतात. बऱ्याच फ्रोझन टर्कींना कारखान्यातच मिठाचं पाणी टोचलेलं असतं, वजनाच्या आठ टक्क्यांपर्यंत. तशा पक्ष्याला वरून आणखी मीठ लावलं तर सगळं खारट. आमची बिनटोचलेली होती. मग पौंडाला अर्धा चमचा जाडं मीठ, घरातलं बारीक असेल तर त्याच्या निम्मं. पोटाच्या पोकळीत हात घालून कागदात बांधलेली पुडी काढायची, त्यात काळीज, पेटा आणि हृदय. मान वेगळी निघते. छातीवरच्या कातडीखाली बोटं सरकवत सरकवत ती मांसापासून सोडवायची, फाटू द्यायची नाही, आणि मीठ आत लावायचं. गार, ओलं, बारीक काम आहे. बोटं बधिर होतात. मीठ आधी आतलं पाणी बाहेर ओढतं, त्यात विरघळतं आणि ते पाणी हळूहळू परत आत जातं. मांसातली प्रथिनं त्याने सैलावतात आणि शिजताना पाणी धरून ठेवतात. या ये-जा करण्याला वेळ लागतो, म्हणून दोन दिवस. शिवाय उघडं ठेवलं की कातडी सुकते आणि भाजल्यावर कुरकुरीत होते.

मी चमचे मोजत होते आणि पुटपुटत होते, "चव बघता येत नाही, कसं कळायचं?" सासूबाई खुर्चीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं, गौरीचा स्वयंपाक कुठे चव बघून करतो आपण?"

माझा हात थांबला. नैवेद्याचं ताट देवापुढे जाईपर्यंत उष्टावायचं नाही हे मी लहानपणापासून ऐकलंय. सोळा भाज्यांची भाजी, कढी, पुरण, अळूवड्या, कोशिंबिरी, पंचामृत, सगळं मीठ-तिखट-गुळासकट न चाखता करायचं आणि पंचवीस पानं उठवायची. सासूबाईंनी ते वर्षानुवर्षं केलंय आणि मी त्यांच्या हाताखाली केलंय. फक्त या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी आल्या नव्हत्या. मग त्यांनी त्यांची पद्धत सांगितली, आणि कुठल्याही टर्कीच्या पाककृतीत मला ती इतकी स्वच्छ लिहिलेली दिसली नाही. पातेली ठरलेली हवीत, दरवर्षी तीच. मीठ एकाच चमच्याने मोजायचं. आणि मीठ घालणारी बाई एकच. "दोघींनी घातलं की झालंच. तू घातलंस, आता कुणालाही हात लावू देऊ नकोस. तुझ्या नवऱ्याला तर नाहीच."

नवऱ्याचा उल्लेख उगाच नव्हता. त्याला टर्कीला मालवणी मसाला चोळायचा होता. आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॅपवर दर नोव्हेंबरला टर्की तंदुरी, टर्की कोल्हापुरी फिरत असतात. मला ते पटत नाही. एक तर तीन तासांच्या कोरड्या धगीत लाल तिखट आणि धने करपून कडू होतात. आणि दुसरं म्हणजे पाहुणी म्हणून ज्या घरात वर्षानुवर्षं एका चवीचं जेवलो, त्या घरच्या सणाला त्यांची चव त्यांना मिळायला हवी. आपल्याकडे उकडीच्या मोदकात कुणी चॉकलेट घातलं की आपण कसे बघतो?

बुधवारी आजींकडे लेफ्से होतं, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या. मिनेसोटातल्या नॉर्वेजियन घरांत थँक्सगिव्हिंग आणि नाताळला टर्कीपेक्षा याचीच जास्त चर्चा असते. उकडलेला बटाटा चाळणीतून काढून अगदी मऊ करायचा, त्यात लोणी, साय, मीठ, चिमूट साखर. रात्रभर गार करून लाटायच्या वेळी बेताचं पीठ. कापड ताणून बसवलेला गोल पाट, खाचा असलेलं लाटणं, आणि जवळजवळ दीड फूट व्यासाचा विजेचा सपाट तवा. पोळी उचलायला एक लांब, पातळ लाकडी पट्टी. तेल नाही, तूप नाही, कोरडीच भाजायची. आजींना उभं राहता येत नव्हतं, त्यांची सून विमानतळावर अडकलेली, आणि मी लाटलेलं पहिलं लेफ्से नकाशासारखं झालं.

सासूबाईंनी पदर खोचला. भाषेचा प्रश्नच आला नाही. त्यांनी गोळा हातात घेऊन दाबला, आणखी थोडं पीठ मागितलं, आजींनी मान हलवून नको म्हटलं, आणि दोघी एकमेकींकडे क्षणभर बघत राहिल्या. पीठ कमी तितकं लेफ्से मऊ आणि लाटणं कठीण, हे सासूबाईंना दुसऱ्या पोळीला कळलं. तिसरीपासून पोळ्या पाटाच्या कडेपर्यंत जायला लागल्या, इतक्या पातळ की खालच्या कापडाची वीण दिसत होती. लाकडी पट्टी त्यांनी आधी बाजूला सारली. हातानेच उचलू बघत होत्या, पण बटाट्याची पोळी हाताला दाद देत नाही. मग पट्टी मधोमध खाली सरकवून, अर्धी पोळी तिच्यावर घेऊन तव्यावर उलगडायची युक्ती आजींनी बसल्या जागेवरून हवेत करून दाखवली. संध्याकाळी घडी घातलेल्या लेफ्सेंची चळत कापडात झाकून ठेवली गेली. आजींनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "नॉट टू बॅड." इथल्या लोकांची ओळख असलेल्यालाच कळेल की याच्यावर पदवी नाही.

गुरुवारी सकाळी आमच्या घरी कलश बसला, पोथी वाचून झाली. सासूबाईंनी नैवेद्यासाठी गव्हल्यांची खीर करायला घेतली आणि मी रस्ता ओलांडून टर्कीकडे गेले. थोड्या वेळाने त्याही आल्या, नऊवारीवर जाडजूड जाकीट आणि पायांत बर्फाचे बूट. "मी बसेन, शिवणार काही नाही," म्हणाल्या आणि आजींच्या शेजारी खिडकीशी बसल्या.

खिडकीबाहेर हिरवळीवर जंगली टर्कींचा थवा चालला होता. आमच्या उपनगरात त्या सर्रास फिरतात, रस्ता अडवतात, गाड्यांच्या चकचकीत दारांत स्वतःलाच बघून चोची मारतात. सासूबाईंना नराचं तोंड बघून नवल वाटलं: कधी लाल, कधी निळसर, कधी पांढुरकं. रक्तपुरवठा कमीजास्त होतो तसा तो रंग बदलतो. मी त्यांना सांगितलं की हेच नवल जहांगीर बादशहाला वाटलं होतं. १६१२ मध्ये त्याच्या मुकर्रब खान नावाच्या सरदाराने गोव्याच्या पोर्तुगीजांकडून दुर्मीळ वस्तू विकत घेऊन दरबारात आणल्या, त्यांत हा पक्षी होता. जहांगीराने आठवणींत लिहून ठेवलंय की तो लांडोरीपेक्षा मोठा आणि मोरापेक्षा लहान आहे आणि त्याचं डोकं सरड्यासारखे रंग बदलतं. त्याच्या दरबारातला चित्रकार मन्सूर याने काढलेलं टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. मूळ मेक्सिकोतला पक्षी, स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात गेला आणि शंभरेक वर्षांत गोव्यामार्गे आग्र्याला पोचला. गोव्यात अजूनही नाताळला काही ख्रिस्ती घरांत भाजलेली टर्की असते. "म्हणजे आपल्याकडे आधीच आली होती," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा त्या पक्ष्याबद्दलचा परकेपणा बराच कमी झाला.

भांडं आजींच्या आईचं होतं, निळ्या एनॅमलवर पांढरे ठिपके. कातडीखाली लोणी सारलं, तळाशी कांदा, गाजर, सेलरी. ओव्हन ३२५ फॅरेनहाइट. याच्याखाली टर्की भाजू नये असं इथलं कृषी खातं सांगतं. पक्षी धुऊही नये असंही सांगतं, कारण धुतल्याने जंतू जात नाहीत, सिंकभर उडतात. हे मी सासूबाईंना सांगितलं नाही. मांस न धुता शिजवणाऱ्या सुनेबद्दल त्यांचं काय मत झालं असतं ते मला माहीत आहे.

आता तीन तास. स्टफिंग मी पक्ष्याच्या पोटात भरलंच नाही. पोटातलं सारणही पुरेसं तापायला हवं, आणि ते तापेपर्यंत छातीचं मांस सुकून जातं. बाहेर वेगळ्या भांड्यात वाइल्ड राइस केला. तो भात नव्हेच, पाण्यातल्या एका गवताचं बी आहे, लांब आणि काळं. मिनेसोटाच्या तळ्यांत उगवतं. इथले मूळचे ओजिब्वे लोक त्याला मनोमिन म्हणतात आणि होडीतून जात काठीने झोडपून होडीतच पाडतात. शिजायला तासभर घेतो आणि शिजला की उकलून आतला पांढरा भाग दाखवतो.

वाट बघण्याच्या त्या वेळात आजी बोलत होत्या. आमचं गाव प्लिमथ, मॅसॅच्युसेट्समधल्या त्या प्रसिद्ध गावाचं नाव घेतलेलं. शाळेत असताना त्यांनी कित्येक वर्षं मुलांना कागदी टोप्या घालून १६२१ ची मेजवानी, म्हणजे तिथल्या इंग्रज वसाहतकऱ्यांचं 'पहिलं थँक्सगिव्हिंग', बसवायला लावली. मग एका वर्षी थांबवलं. त्या मेजवानीबद्दल तिथे हजर असलेल्या एडवर्ड विन्स्लोचं एक पत्र आहे. त्यात पक्ष्यांच्या शिकारीचा उल्लेख आहे, तिथल्या मूळच्या वाम्पानोआग लोकांनी आणलेल्या पाच हरणांचा आहे, टर्कीचं नाव नाही. आणि त्यांच्या वंशजांतले बरेच जण १९७० पासून थँक्सगिव्हिंगचा दिवस मॅसॅच्युसेट्समधल्या त्या प्लिमथमध्ये शोकदिन म्हणून पाळतात. आजींना जास्त खुपत होतं ते मात्र जवळचं होतं. २६ डिसेंबर १८६२ ला इथून दीड तासाच्या अंतरावरच्या मँकेटो गावात इथल्या मूळच्या डाकोटा जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली गेली. मंजुरी अब्राहम लिंकन यांची. शेकडो शिक्षांतून त्यांनी बहुतेक कमी केल्या हेही खरं. आणि वर्ष भरायच्या आत, ऑक्टोबर १८६३ मध्ये, याच लिंकननी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार देशभर आभाराचा दिवस म्हणून जाहीर केला. सारा जोसेफा हेल नावाची एक संपादिका त्यासाठी कित्येक वर्षं पत्रं लिहीत होती. आजी म्हणाल्या, जेवण करायचं, आभारही मानायचे, पण कागदी टोप्या नकोत. मला हे पुरेसं वाटतं.

वाराचं भांडण मात्र इथेही होऊन गेलंय. १९३९ मध्ये नोव्हेंबरला पाच गुरुवार आले. नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून रूझवेल्टनी सण एक आठवडा अलीकडे ओढला. निम्म्या राज्यांनी ऐकलं, निम्म्यांनी नाही, आणि काही घरांत दोन थँक्सगिव्हिंग झाली. शेवटी १९४१ मध्ये कायदाच करून चौथा गुरुवार पक्का केला. सासूबाईंना हे सगळं भाषांतर करून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "शुक्रवार का नाही केला?"

आता टर्कीची खरी गोची. छातीचं मांस पांढरं, मांड्यांचं काळपट, आणि दोघांचं शिजणं वेगळं. हा पक्षी उडतो कमी, चालतो फार. पायांच्या स्नायूंना सतत काम, म्हणून त्यांत प्राणवायू साठवणारं रंगद्रव्य जास्त आणि चिवट ऊतीही जास्त. त्या विरघळायला १७५ फॅरेनहाइटच्या पुढे जावं लागतं. छाती १६५ ला तयार होते आणि त्यानंतर दर अंशाला कोरडी होत जाते. एकाच शरीरातले दोन पदार्थ एकाच भांड्यात एकाच वेळी उतरवायचे. शिवाय बाजारातल्या टर्कीची छाती पैदाशीनेच इतकी फुगवलेली आहे की त्या पक्ष्यांना नैसर्गिक समागमही जमत नाही, कृत्रिम रेतनानेच त्यांची पिल्लं होतात. लोकांना पांढरं मांस हवं असतं आणि मग ते कोरडं झालं म्हणून वर्षानुवर्षं तेच लोक कुरकुरतात.

छाती हवी तशी सोनेरी झाल्यावर मी तिच्यावर फॉइल टाकलं, म्हणजे मांड्या मागून येऊन गाठतील. मग थर्मामीटर. मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता. सासूबाई म्हणाल्या, "ताप आलाय का तिला?" आजींना मी भाषांतर केलं आणि गुडघा विसरून त्या खदखदून हसल्या. पण मापावर त्या दोघींचाही विश्वास नव्हता. आजींची परीक्षा अशी की तंगडी धरून हलवायची, सांध्यात सैल लागली की झालं. सासूबाई नाकाने बघत होत्या. "अजून चरबीचा वास येतोय, भाजल्याचा नाही," असं त्या एकदा म्हणाल्या तेव्हा काटा १४८ वर होता. पुढे बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली आणि "हं" म्हटलं. मी उघडून बघितलं तर छाती १६४, मांडी १७६. मांस न खाण्याच्या दिवशी, न शिवता, आयुष्यात कधी न रांधलेल्या पक्ष्याबद्दल. मी थर्मामीटर पुसून ठेवला, पण दरवेळी वापरेनच. नाक मला वारशात मिळालेलं नाही.

बाहेर काढल्यावर अर्धा तास पक्षी तसाच ठेवायचा, आतला रस स्थिरावतो. त्या अर्ध्या तासात ग्रेव्ही, आणि तिथे माझ्या जिवात जीव आला, कारण ग्रेव्ही चाखता येते. भांड्याच्या तळाशी सांडलेला रस गाळून वरची चरबी काढायची, तिच्यात मैदा भाजायचा आणि मान-पेट्याचं पाणी हळूहळू ओतायचं. काळीज त्या पाण्यात घालत नाहीत, कडवट होतं. मी मैद्यावर पाणी ओतणार तोच खिडकीतून आवाज आला, "पीठ कच्चं आहे अजून." होतंच. आणखी दोन मिनिटं परतलं, रंग बदामी झाला, मग पाणी. पळीने तळहातावर घेऊन चाटलं. मीठ किंचित कमी, मिरी हवी, आंबटाचा एक थेंब हवा. लिंबू पिळलं. आजींनी लिंबू पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत.

जेवायला बसायच्या आधी सासूबाईंच्या पानाचा प्रश्न होता. थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर रताळं असतंच आणि ते उपवासाला चालतं, ही त्या दिवसाची एकमेव सुलभ गोष्ट. पण इथे रताळ्यावर मार्शमेलो पसरून भाजतात आणि मार्शमेलोत जिलेटिन असतं, जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढलेलं. म्हणून त्यांच्यासाठी आमच्या घरून वेगळी रताळी आणली होती, तूप-गुळात परतलेली, वरून वेलची. आजींच्या नातीने ती चाखली आणि मार्शमेलोवाल्या डिशकडे पुन्हा वळून पाहिलं नाही. क्रॅनबेरी शेजारच्या विस्कॉन्सिनची. देशातल्या निम्म्याहून अधिक क्रॅनबेरी तिथेच पिकतात. साखरेबरोबर तापल्या की टपटप फुटतात आणि गार झाल्यावर आपल्याच पेक्टिनने घट्ट होतात. सासूबाईंनी त्या चमचाभर घेतल्या आणि "करवंदं" म्हणून पुढे गेल्या.

आजोबांनी छोटी प्रार्थना म्हटली. सासूबाई डोळे मिटून ओठांत वदनी कवळ म्हणत होत्या. मग सुरी चालली. छातीतून रस आला, मांडी हाडावरून सुटली. सगळ्यांनी खाल्लं, मी खाल्लं. हो, गुरुवारी. सासूबाईंनी त्याबद्दल त्या दिवशी काही म्हटलं नाही आणि पुढेही काढलं नाही. संध्याकाळी आरती झाल्यावर त्यांनी उपवास सोडला तो खिरीने आणि लोणी-साखर लावलेल्या दोन लेफ्सेंनी.

टर्की चांगली झाली होती. खोटं कशाला सांगू, थोर नव्हती. या मांसाला स्वतःची अशी चव फार नाही. मीठ, कातडी आणि ग्रेव्ही यांच्या जोरावर ती उभी राहते, आणि लोकांना ती आवडते त्यात वर्षभराची वाट पाहणं बरंच असतं. तसं आपल्याही काही सणांच्या पदार्थांबद्दल म्हणता येईल, पण ते नंतर कधीतरी.

शुक्रवारी सकाळी कलश हलवला. दुपारी आजोबा सांगाडा आणि उरलेल्या मांड्या एका डब्यात घालून घेऊन आले. हाडांचं पाणी मी उकळायला ठेवलं. वाटणाला मात्र सासूबाई उभ्या राहिल्या: सुकं खोबरं, कांदा गॅसवर अख्खा भाजलेला, आलं-लसूण, धने, बडीशेप, ठाण्याहून आणलेला मसाला. काळं मांस रस्स्यात विरघळून गेलं. आता त्या पळी भरभरून चाखत होत्या, आमसूल घालत होत्या, पुन्हा चाखत होत्या. भाकरीबरोबर जेवलो. एक वाडगा समोर पाठवला, पाण्याच्या बाटलीसकट.

हात धुताना सासूबाईंनी विचारलं, "दुकानात नुसत्या मांड्या मिळतात का गं याच्या?"

"मिळतात की."

"मग अख्खा पक्षी आणायचा कशाला?"

वाडगा परत द्यायला आजी स्वतः कुबडी घेऊन आल्या. त्यांनी विचारलं, तुझ्या सासूबाई काय म्हणाल्या टर्कीबद्दल? हे एवढं भाषांतर मी केलं नाही.